ओवाळणीतले प्लग

माझी गाडी लिटरला एकोणीस किलोमीटर द्यायची ती तेरावर आली, तेव्हा घरात पहिला दोष माझ्या पायाला दिला गेला. "तू क्लचवरून पाय उचलतच नाहीस," नवरा म्हणाला. गाडीत माझ्या शेजारी बसला की तो मोबाइलमध्ये डोकं घालतो. माझा पाय कुठे असतो हे त्याने कधी पाहिलेलं नाही. तरी मी महिनाभर डावा पाय मुद्दाम लांब ठेवून गाडी चालवली. मग दोष पेट्रोल पंपाला दिला, मग रस्त्याला, मग गाडीच्या वयाला.

भावाला दोष द्यावा हे कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. घर गोंदियात, काम अर्जुनी मोरगाव तालुक्यात. एसटी तालुक्याच्या गावापर्यंत नेऊन सोडते, रेल्वेही सोडते, पण माझ्या अंगणवाड्या स्टँडवर नाहीत. त्या तलावांच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांच्या मागे, जिथे डांबर संपतं तिथून पुढे आहेत. म्हणून अकरा वर्षांपूर्वी मी ही छोटी गाडी घेतली. तीन सिलिंडरची, म्हणजे तीन प्लगची. माझ्या पगारातून, माझ्या नावावर.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. सौंदडला रस्त्याला लागून त्याचं गॅरेज आहे, टिनाचं शेड, आणि शेडच्या मागे दोन खोल्या. आईवडील होते तोवर त्या खोल्यांना मी घर म्हणायची. ते गेल्यावर माहेर म्हणून जे काही उरलं ते म्हणजे तो, त्याची बायको आणि ते शेड. दुसरं कोणी नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, पुढचं समजावं म्हणून सांगते.

गाडी घेतली त्या वर्षी भाऊबीजेला मी गाडीनेच सौंदडला गेले. त्याचं गॅरेज तेव्हा नवीन होतं आणि हातात पैसा नव्हता. मी ओवाळलं, तर त्याने ताटात काहीच टाकलं नाही. म्हणाला, "बाई, ओवाळनीत तुया गाडीची सर्व्हिसिंग. दरसाली. मी जित्ता असेपर्यंत." आम्ही हसलो. आई तेव्हा होती, ती म्हणाली, "साडीपेक्षा बरं. साडी फाटते." आणि तोच रिवाज पडला. दर भाऊबीजेला मी नऊच्या सुमाराला पोचायची, चहाच्या आधी तो चावी मागून घ्यायचा. मी आत भावजयीजवळ बसायची. बाराला तो हात धुऊन यायचा आणि वाचून दाखवल्यासारखं सांगायचा, "तेल बदललं, फिल्टर बदलला, ब्रेक साफ केले, तिन्ही प्लग नवे टाकले." मी मान डोलवायची. मग ओवाळणं, जेवण, आणि दुपारी मी परत.

दुसऱ्या कुठल्या गॅरेजात गाडी दिली असती तर काढलेले पार्ट दाखवा असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं असतं. माझं कामच ते आहे. अंगणवाडीत मी गेले की मुलांच्या डाळीचं पोतं उघडते आणि वरची डाळ बघत नाही. हात कोपरापर्यंत आत घालून तळाची मूठ काढते. सेविका मला त्यावरून मागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण ओवाळणीचं पाकीट ताटासमोर कोणी उघडत नाही. भावाने दिलेली साडी त्याच्यासमोर उलगडून कुठे विरली आहे का ते कोणी पाहत नाही. दहा वर्षांत मी शेडमध्ये पाऊलही टाकलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. उन्हाळ्यात गाडी कमी चालायला लागली. मी टाकी पूर्ण भरून, किलोमीटरचा आकडा लिहून, पुन्हा पूर्ण भरून असं तीन वेळा मोजलं. तेरा, साडेतेरा, तेरा. टायरमध्ये हवा बरोबर ठेवली. मे महिन्यात एसी बंद ठेवून चालवली, आणि मे महिना आमच्याकडे कसा असतो ते सांगायला नको. फरक शून्य. सिग्नलला गाडी उभी असली की स्टिअरिंग हातात थरथरायचं. चढावर दाबलं की गाडी आधी विचार करायची आणि मग निघायची.

जुलैत ती नवेगावच्या जंगलातल्या रस्त्यावर बंद पडली. दुपार होती, पाऊस थांबलेला, मागेपुढे माणूस नाही. मी भावालाच फोन केला. तो म्हणाला, "बोनेट उघडून ठेव, थंडी होऊ दे. निंगते मंग."

"काऊन असं होऊन राहिलं पन?"

"गाडी म्हातारी झाली, बाई. तू तरी कुठं जवान आहेस?"

मी हसले. तासभर बोनेट उघडं ठेवून बसले. गाडी निघाली. घरी जाऊन पुन्हा फोन केला, तर म्हणाला, "दिवाळीले पाहू." दिवाळीला तीन महिने होते.

मग मी स्वतः वाचायला बसले. गाडीच्या खणात कंपनीने दिलेली पुस्तिका होती, बारीक इंग्रजीतली, दहा वर्षांत न उघडलेली. त्यात पेट्रोल जास्त जाण्याच्या कारणांत प्लग होता. भाऊ दरवर्षी प्लग नवे टाकतो हे मी धरूनच चालले होते. माझा प्रश्न एवढाच होता की तो टाकतो त्याहून चांगला, पेट्रोल वाचवणारा प्लग असतो का. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. सगळे सांगत होते इरिडियमचा घ्या. इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक असतं, ठिणगी नेमकी पडते, पेट्रोल पूर्ण जळतं, ॲव्हरेज वाढतो. सांगणाऱ्या प्रत्येकाच्या व्हिडिओखाली तोच प्लग विकत घ्यायची सोय होती, हेही मी पाहिलं.

एका शनिवारी गोंदियात पार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने लगेच एक चकचकीत डबा पुढे केला.

"मॅडमजी, इरिडियम ले जाओ. पाच का ॲव्हरेज बढेगा."

"पाच? आणि दोन सेट घेतले तर दहा का?"

तो हसला. "आप टीचर हो क्या?"

"नाही. मी तपासणारी आहे."

"तो फिर सच बोलता हूँ." त्याने डबा बाजूला ठेवला. "प्लग नया होना, और आपकी गाडी के नंबर का होना. बाकी डिब्बे का रंग है. महँगावाला जादा साल चलेगा, इतनाच. पेट्रोल नहीं बनाता वो."

मला हे पटलं. प्लग ठिणगी देतो, आणि ठिणगी वेळेवर, पुरेशी पडली की त्याचं काम संपलं. प्रत्येक इंजिनाला किती गरम राहणारा प्लग लागतो हे ठरलेलं असतं. फार गरम राहिला तर टोक जळतं, फार थंड राहिला तर काजळी धरते. म्हणून पुस्तिकेत जो नंबर छापला आहे तोच घ्यायचा. जुन्या प्लगचं टोक झिजून फट वाढते, ठिणगी चुकते, आणि न जळलेलं पेट्रोल धुरांड्यातून बाहेर जातं. एवढं साधं आहे. मी पुस्तिकेतला नंबर दाखवला, साधा प्लग मागितला.

"देता हूँ. पर पहले पुराना निकाल के देखो. लगा हुआ कौनसा है, उससे समझेगा गाडी को तकलीफ क्या है."

समोरच्या बोळात एक मेकॅनिक बसायचा. पांढऱ्या मिशा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने दहा मिनिटांत तिन्ही प्लग काढले आणि फरशीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ओळीने ठेवले. मी काही मेकॅनिक नाही, पण मला डोळे आहेत. तिन्ही तीन तऱ्हेचे होते. एकाचं टोक झिजून गोल झालेलं, अगदी पांढरंफटक. दुसऱ्याच्या आट्यांची लांबीच बाकी दोघांपेक्षा कमी, आणि तो ओल्या काजळीने भरलेला. तिसऱ्याच्या चिनी मातीला केसासारखी चीर गेलेली.

मेकॅनिकने चष्मा वर केला. "किसने डाला ये?"

"ओळखीचा आहे एक."

"ये तो खिचडी है, मॅडम. तीन गाडी के तीन प्लग. ये छोटावाला तो आपकी कंपनी का भी नहीं. किसी की गाडी से उतरा, आपकी में चढा."

"दिवाळीला टाकले आहेत," मी म्हटलं. "नवे."

"दीवाली के होंगे," तो म्हणाला. "कौनसी दीवाली, ये पूछ लेना."

मी नवे तीन घेतले. त्याने पात्यांच्या मापाने प्रत्येकाची फट तपासली आणि बसवले. जुने तीन मी त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून खणात ठेवले. पुढच्या टाकीला गाडीने साडेअठरा दिलं. स्टिअरिंगची थरथर गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, दोष माझ्या पायाचाच निघाला असता तर बरं झालं असतं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे. फुकटची सर्व्हिसिंग आहे. चूप बस आणि दरवर्षी बाहेरून प्लग टाकून घेत जा." सल्ला व्यवहाराचा होता. मी दोन महिने त्यावर विचार केला. गप्प बसले असते तर माहेर जसंच्या तसं राहिलं असतं. पण भावाने बाराला येऊन "तिन्ही प्लग नवे टाकले" म्हणावं आणि मी मान डोलवावी, हे मला जमणार नव्हतं. जमलं असतं तर मी दुसरी बाई असते.

भाऊबीजेला सौंदडला पोचले. धान कापून बांध्यांत पसरलेलं होतं. भावाने चहाच्या आधी चावी घेतली. या वेळी मी आत गेले नाही, त्याच्या मागोमाग शेडमध्ये गेले. त्याला ते विचित्र वाटलं.

"बस नं आत. कपडे खराब होतीन."

"होऊ दे."

त्याने बोनेट उघडलं, पहिला प्लग काढला आणि उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"प्लग कोनं बदलले?"

"मी."

"कायले?"

मी वर्तमानपत्राची पुडी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने उलगडली. नाकारलं नाही, हे त्याच्या बाजूने लिहिलं पाहिजे. माझे नाहीतच असं म्हणाला असता तर मी काय सिद्ध करणार होते? तो चिंधीने हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"मायी ओवाळनी उकलून पाह्यलीस."

"पाह्यली."

"कोनापाशी?"

"गोंदियात."

"मायं नाव सांगतलंस?"

"नाई."

तेवढं ऐकून त्याचे खांदे जरा खाली आले. मला त्याचाच राग आला. मला काय झालं ते त्याने विचारलं नाही, आपलं नाव कुठे निघालं का ते विचारलं.

"जंगलात गाडी बंद पडली तवा मी तुलेच फोन केला होता," मी म्हटलं. "आतमंधी काय बसलं आहे ते तुले मालूम होतं. तरी थंडी होऊ दे म्हनलास."

यावर तो आजपर्यंत बोललेला नाही. तो दुसरंच बोलला, आणि आवाज न चढवता बोलला.

"पयले चार साल नवेच टाकले, बाई. आईची शपथ. मंग नाई पुरलं. तेल, फिल्टर, प्लग, एका साली ब्रेकचे पॅड, एका साली क्लचची केबल. सनाच्या दिवशी गिऱ्हाईक वापस करतो अन् तुया गाडीखाली झोपतो. तू पगारी बाई. आतमंधी बसून चहा पेतेस, जेवतेस, चावी घेतेस, जातेस. अकरा सालांत एकदा तरी म्हनलंस का, बाबू, या साली तेल मी आनतो?"

"म्हनली असती तं घेतलं असतंस?"

"नाई घेतलं असतं."

"मंग?"

"पन म्हनाचं होतं."

मी हिशेब पक्का ठेवणारी बाई. पण अकरा वर्षांत माझ्या गाडीचं तेल कोणाच्या खिशातून येतं हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं. आणलं असतं तरी बोलले नसते. भावाला ओवाळणीचे पैसे देऊ का असं विचारणं म्हणजे त्याला भिकारी म्हणण्यासारखं, असंच आम्हाला शिकवलेलं.

"मंग नाई म्हनाचं होतं तू," मी म्हटलं.

"भाऊबीजेले? बहिनीले? कोन्या भावानं म्हनलं आजवर?"

"नवे टाकले म्हनून खोटं कायले सांगतलंस पन? जुनेच आहेत म्हनला असतास तं मी इकत आनले असते."

"मंग ते ओवाळनी कायची?" तो म्हणाला.

हे त्याने मनापासून विचारलं होतं. त्याच्या लेखी जुने प्लग घालून नवे म्हणणं ही ओवाळणी होती, आणि खरं सांगून मला विकत आणायला लावणं ही नव्हती. तो चांगला मेकॅनिक आहे. काढलेला प्लग त्याने परत बसवला तो आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवून, मग पान्याने पाव फेरा. गोंदियाच्या म्हाताऱ्याने अगदी तसाच बसवला होता. त्याला सगळं येत होतं. इतर गिऱ्हाइकांच्या गाड्यांत तो योग्य नंबरचे नवे प्लग टाकत होता, कारण ते पैसे देत होते आणि काढलेले पार्ट मागत होते. त्यांचे काढलेले माझ्या गाडीत येत होते, कारण मी बहीण होते.

आतून भावजय आली. तिने आमच्या तोंडाकडे पाहिलं, पुडीकडे पाहिलं, आणि तिला काही विचारावं लागलं नाही. म्हणजे तिलाही माहीत होतं. "ताट तयार आहे, बाई," ती म्हणाली. "ओवाळून घेता का? भात गार होऊन राहिला."

मी ओवाळलं. त्याने खिशातून पैसे काढून ताटात टाकले, अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी घेतले. नाकारले असते तर त्याच दिवशी सगळं संपलं असतं. सगळे जेवलो. त्या दिवशी गाडीचं तेल बदललं गेलं नाही.

वर्षभर मी सौंदडला गेले नाही. वाट थोडी वाकडी करावी लागते, आणि पूर्वी आठवड्यातून एकदा तरी मी ती करायची. त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. पण त्याचं ते वाक्य डोक्यात राहिलं. म्हणायचं होतं. ठीक आहे, म्हणू या, असं मी ठरवलं. ज्याची जी चूक, ती त्याने दुरुस्त करावी. माझी मी करणार होते.

या भाऊबीजेला मी तेलाचा डबा, फिल्टर आणि पुस्तिकेतल्या नंबरचे तीन प्लग विकत घेऊन गेले. सगळं त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "बाबू, सामान मी आनलं. हात तुया."

त्याने सामानाकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि चावी घेतली.

या वेळी मी आत बसले. भावजयीने पुऱ्या लाटायला घेतल्या, मी तळल्या. तिच्याशी भाज्यांच्या भावाचं बोलले, तिच्या गुडघ्याचं बोलले. शेडमधून पान्यांचा आवाज येत होता. मला वाटायला लागलं होतं की आता सुरळीत होईल. दोघांनीही एकेक पाऊल मागे घेतलं, आता बाराला तो हात धुऊन येईल आणि आपण जेवायला बसू.

बाराला त्याने बाहेरूनच हाक मारली. "बाई, ये. पाहून घे."

मी शेडमध्ये गेले. त्याने एका पोत्यावर सगळं मांडून ठेवलं होतं. काढलेले तीन प्लग, जुना फिल्टर, पसरट भांड्यात काळं तेल, नव्या तेलाचं फोडलेलं सील, प्लगचे रिकामे खोके. गिऱ्हाइकासमोर मांडतात तसं. दोन पावलं मागे सरून तो हात मागे बांधून उभा राहिला.

मला तेव्हा वळून आत जाता आलं असतं. 'काय पाहू? तू केलं ते बरोबरच असेल,' असं म्हणता आलं असतं. तेवढंच तर हवं होतं त्याला, हे मला आज कळतं. पण मी खाली बसले. एकेक प्लग उचलून उजेडात धरला, टोक पाहिलं, नंबर वाचला. गेल्या वर्षी गोंदियात टाकलेले माझेच होते, तिन्ही. फिल्टर उलटा करून पाहिला. मग बोनेटखाली वाकून तेलाची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. खुणेला बरोबर होतं. सवय आहे, हात कोपरापर्यंत आत जातोच.

तो हे सगळं बघत होता.

"झालं समाधान?" त्याने विचारलं.

"झालं. सगळं बरोबर आहे."

"मंग पुढच्या सालपासून गोंदियातच देत जा," तो म्हणाला. "तिथं बरं करतेत. अन् दाखवतेत बी."

त्याने चावी माझ्या हातात दिली नाही, बोनेटवर ठेवली, आणि हात धुवायला नळाकडे गेला. मी चावी उचलली. आत जाऊन ओवाळलं. त्याने भावजयीने आणून ठेवलेली साडी दिली. मी तिची घडी मोडली नाही.

गाडी आता गोंदियात त्या पांढऱ्या मिशांच्या मेकॅनिककडे देते.